सांगलीत घर हलवताना: आधी नव्या घरात टेप, मग जुन्या घरात बॉक्स

घर बदलायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा बॉक्स गोळा करायला लागतात. खरं तर ते तिसरं काम. पहिलं काम म्हणजे मापाची टेप घेऊन नव्या घरात जाणं, आणि दुसरं म्हणजे जुन्या घरातलं काय न्यायचं नाही ते ठरवणं. हा क्रम चुकला की कपाट जिन्याच्या वळणावर अडकतं, हमालांना पुढच्या कामाची घाई असते, आणि नेमका तेव्हाच पत्रा चेपतो आणि भिंतीचा कोपरा उडतो. कुठली वस्तू कुठं ठेवायची हे आधी ठरलं नसेल तर ती दोनदा हलवावी लागते. दुसऱ्यांदा हलवायला हमाल नसतात, घरातलीच माणसं असतात.

तारीख कशी ठरवायची

सांगलीत घर हलवायचं तर सर्वांत आधी पावसाचा विचार करावा लागतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५४ फुटांच्या पुढे. कोयनेतून विसर्ग वाढला की नदीकाठच्या भागातले रस्ते एकेक करून बंद होतात, आणि अशा वेळी टेम्पोवाले आधी पूरग्रस्तांचं सामान हलवण्यात गुंतलेले असतात. तेव्हा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत शक्यतो तारीख धरू नका. धरावीच लागली तर पुढची एक तारीख हाताशी ठेवा आणि टेम्पोवाल्याला ती आधीच सांगून ठेवा.

शाळेमुळे बहुतेकांचा ओढा एप्रिल-मेकडे असतो. या दिवसांत गाड्या आठ-दहा दिवस आधी ठरवाव्या लागतात. मे महिन्यात वळीव दुपारनंतर येतो, तोही आधी वारा सुटून. म्हणून सकाळी सहा-साडेसहाला भराई सुरू करून दुपारी एकच्या आत सामान नव्या घरात उतरलं पाहिजे, असं वेळापत्रक ठेवा. उन्हातही हेच बरं पडतं. हमाल दमला की वस्तू आपटतात.

पाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसरा या दिवशी गाड्या मिळणं अवघड, मिळाल्या तर भाडं जास्त. मुहूर्त पाळायचा असेल तर तो देवाचा पाळा, टेम्पोचा नको. त्या दिवशी कलश, देव, मीठ आणि पाण्याचा हंडा घेऊन जा, दूध ऊतू घाला, नैवेद्य दाखवा. सामान दोन दिवसांनी नेलं तरी चालतं. पितृपंधरवड्यात गाड्या आणि हमाल सहज मिळतात, पाऊसही ओसरत आलेला असतो. घरातल्या थोरांची हरकत नसेल तर हा काळ सोयीचा. मात्र आधी त्यांना विचारा, तारीख परस्पर ठरवू नका.

नोव्हेंबर ते मार्च ऊसतोडीचा हंगाम. गावातल्या गावात जायचं असेल तर त्याचा त्रास नाही, पण साताऱ्याकडे किंवा कोल्हापूरकडे जाणार असाल तर भरलेली गाडी रात्री काढू नका. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर अंधारात लवकर दिसत नाहीत, आणि सामानाने भरलेल्या गाडीला अचानक ब्रेक मारला की आतलं सगळं पुढं सरकतं.

नव्या घरात टेप

एक माणूस, टेप, वही आणि खडू घेऊन जा. प्रत्येक खोलीचं लांबी-रुंदीचं माप घ्या, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाटेचं माप घ्या. गाडी थांबेल तिथून प्रत्येक खोलीपर्यंतची सर्वांत अरुंद जागा कोणती? फाटक, जिन्याचं वळण, कठडा, मुख्य दार, बोळातलं दार, सगळं लिहून घ्या.

दाराच्या मापात हमखास फसगत होते. बाथरूमचं दार अडीच फुटी म्हणतात ते चौकटीचं बाहेरचं माप. ३० इंचांतून दोन्ही बाजूंची अडीच-अडीच इंच चौकट गेली की २५ इंच उरतात. दार काटकोनात उघडलं तरी त्याची सव्वा इंच जाडी आत येते. राहिले पावणेचोवीस इंच. समोरून उघडणारं वॉशिंग मशीन ६० सेंटिमीटर रुंद असतं, म्हणजे साडेतेवीस इंचांहून थोडं जास्त. उरलेल्या फटीत हमालाची बोटंसुद्धा जात नाहीत. अशा ठिकाणी दार आदल्या दिवशीच बिजागरीतून काढून ठेवा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, पण ते मशीन दारात आल्यावर करायला गेलं तर अर्धा तास जातो.

लोखंडी कपाटाचंही असंच. साडेसहा फुटी कपाट ६ फूट ८ इंचांच्या माळ्याखाली मावतं, पण तिथं आडवं ठेवून उभं करता येत नाही. उभं करताना कपाटाचा कोपरा ते कोपरा असं तिरकं माप लागतं. उंची ७८ इंच आणि खोली १९ इंच धरली तर ते ८० इंचांच्या पुढं जातं, आणि माळा आहे बरोबर ८० इंचांवर. मग कपाट माळ्याबाहेर मोकळ्या छताखाली उभं करून आत सरकवावं लागतं. त्यासाठी त्याच्यासमोर निदान चार-साडेचार फूट जागा मोकळी हवी, म्हणजे पलंग त्याच्या आधी आत जाता कामा नये.

तीन माणसांचा सोफा जिन्यात वळत नसेल तर एका टोकावर उभा करून न्यावा लागतो. तेही जमत नसेल तर गॅलरीतून दोरानं ओढून घ्यावा लागतो. त्याची हमाली वेगळी, माणसंही जास्त. हे ऐनवेळी नको, आधी ठरवा.

मापं झाली की वहीत प्रत्येक खोलीचा साधा आराखडा काढा आणि मोठ्या वस्तू त्यात बसवा. फ्रिजजवळ पॉईंट आहे का, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं? वॉशिंग मशीनला पाऊण इंची आट्यांचा नळ आणि पाणी जायला वाट आहे का? इन्व्हर्टरची वायरिंग कुठं काढली आहे? नसेल तर प्लंबर आणि वायरमन सामान यायच्या आधी लावा. भिंतीला ड्रिल मारायचं, रंग द्यायचा, कीड-मुंगीची फवारणी करायची, हे सगळं रिकाम्या घरात निम्म्या वेळात होतं. फवारणी आणि सामान यांत तीन-चार दिवसांचं अंतर ठेवा.

घर अजून पक्कं केलं नसेल आणि ते नदीच्या बाजूचं, म्हणजे सांगलीवाडी, गावभाग, दत्तनगर, कर्नाळ रोडकडचं असेल, तर शेजाऱ्यांना २०१९ ची खूण विचारा. बहुतेक घरांत ती माणसं बोटानं दाखवतात. पूररेषेच्या नकाशात निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तळमजल्यावर जाणार असाल तर आराखड्यातच ठरवा की कागदपत्रं, गाद्या आणि धान्य खाली राहणार नाही. पलंगाखालच्या कप्प्यात महत्त्वाचं काही ठेवू नका. शामरावनगरसारख्या सखल, काळ्या मातीच्या भागात नदी न येताही पावसाचं पाणी साचतं. तिथल्या कच्च्या गल्लीत पावसानंतर भरलेली गाडी रुतते, म्हणून गाडी पक्क्या रस्त्यावर कुठपर्यंत येईल तेही पाहून ठेवा. जास्तीचं अंतर डोक्यावर न्यायचं तर हमाली वाढते.

काय न्यायचं नाही

आराखड्यात ज्या वस्तूला जागा मिळाली नाही ती वस्तू गाडीत चढवायची नाही. हा एकच नियम पुरेसा आहे. महिनाभर आधी माळा रिकामा करा, कारण सगळ्यात जास्त अडगळ तिथंच असते: फुटके पाईप, जुने स्टॅबिलायझर, कुणीतरी दिलेले डिनर सेट. रद्दी आणि भंगारवाला एकाच दिवशी बोलवा. एका सुट्टीच्या दिवशी एकच खोली घ्या. सगळ्या खोल्या एकदम उपसल्या की एकही पुरी होत नाही.

वर्षाच्या बेगमीचं वेगळं बघावं लागतं. आपल्याकडे शाळू, गहू आणि डाळी फेब्रुवारी-मार्चपासून भरतात, एप्रिल-मेमध्ये कांदा-लसूण चटणी, पापड, कुरडया. मेमध्ये घर बदलणार असाल तर धान्य नव्या घरीच उतरवायला सांगा. दोन क्विंटल शाळू जुन्या घरात चढवायचा, मग उतरवायचा, मग पुन्हा चढवायचा, याला अर्थ नाही. चटणी झाली असेल तर ती टेम्पोत नको, त्याचं पुढं सांगतो.

बॉक्स आणि बांधणी

सांगली-तासगावकडच्या माणसाला बॉक्ससाठी फार हिंडावं लागत नाही. १५ किलोचे बेदाण्याचे बॉक्स पुस्तकांना अगदी योग्य. भरून चौकोनी राहतात, एका माणसाला उचलतात, पुठ्ठाही जाड असतो. आतून चिकट नाहीत ना आणि मुंग्या नाहीत ना ते पाहून घ्या, एक दिवस उन्हात ठेवा. द्राक्षाच्या पेट्या उथळ असतात आणि बाजूला हवेसाठी भोकं असतात. चपला, खेळणी, वायरी यांना त्या चालतात, एकावर एक चार रचल्या तर खालची बसते. हळदीची पोती मात्र फुकट मिळाली तरी घेऊ नका. कितीही झटकली तरी पिवळेपणा कपड्यांना आणि उशांना लागतोच, आणि तो जात नाही.

दोन खोल्या-स्वयंपाकघराच्या संसाराला लहान-मोठे मिळून चाळीस-पन्नास बॉक्स लागतात. जड वस्तू लहान बॉक्समध्ये आणि हलक्या मोठ्यात. उलट केलं की मोठा बॉक्स पुस्तकांनी भरतो, उचलताना तळ फाटतो आणि जिन्यात सगळं विखुरतं. कुठलाही बॉक्स १५ किलोंच्या वर नको. तळाला मधल्या जोडावर एक पट्टी आणि दोन्ही कडांवर एकेक आडवी पट्टी, अशी टेप मारा. नुसत्या मधल्या पट्टीवर भरवसा ठेवू नका.

नाव बॉक्सच्या बाजूवर लिहा. वर लिहिलं की थप्पी लागल्यावर दिसत नाही. आणि जुन्या नाही, नव्या घरातली खोली लिहा: ‘मागची खोली, १२’. वहीत १२ समोर आत काय आहे ते दोन ओळींत. हमालाला ‘मागची खोली’ कळण्यासाठी नव्या घराच्या दारावर तीच नावं कागदावर लिहून चिकटवा.

गुंडाळायला बबल विकत घ्यायची गरज फार थोड्या वस्तूंना. घरातल्या वाकळा, घोंगड्या, जुन्या साड्या आणि चादरी तशाही न्यायच्याच असतात. टीव्हीला मूळ बॉक्स नसेल तर पडद्यावर आधी मऊ कापड, मग वाकळ, आणि वरून सुतळी सैल बांधा. सुतळी आवळली तर पडद्यावर दाब येतो. टीव्ही कायम उभाच न्या, आडवा ठेवून त्यावर काही ठेवू नका.

स्वयंपाकघर

सगळ्यात जास्त वेळ इथं जातो. ही खोली सगळ्यात शेवटी भरायची आणि नव्या घरी पलंगापाठोपाठ लगेच लावायची, म्हणून इथल्या वस्तूंच्या दोन वाटण्या करा. रोज लागणारं एक तवा, दोन पातेली, कुकर, चार ताटं, पोळपाट-लाटणं, मिसळणाचा डबा आणि चहाचं सामान एवढं बाजूला काढून बाकीचं तीन दिवस आधीच बांधून टाका.

काचेच्या आणि चिनी मातीच्या प्लेट उभ्या लावा, आडव्या थप्पीत नको. आडव्या थप्पीत धक्का बसला की वरच्या सगळ्यांचा भार खालच्या प्लेटवर येतो. उभ्या असल्या की प्रत्येक प्लेट आपल्याच कडेवर धक्का घेते. तळाशी चुरगाळलेल्या रद्दीचा दोन इंचांचा थर, प्रत्येक दोन प्लेटांत एक कागद, वर पुन्हा थर. कपांच्या आत कागद कोंबा, कान आतल्या बाजूला येऊ द्या. बॉक्स बंद करून हलकासा हलवा. आवाज आला तर आत जागा राहिली आहे, अजून रद्दी भरा.

स्टीलचे डबे निम्म्याहून कमी भरलेले असतील तर तसेच न्यायला हरकत नाही. झाकणावर टेप मारा आणि डबे उभे ठेवा. पिठाचे डबे मात्र रिकामे करा, कारण झाकण जरा जरी हललं तरी पीठ सगळ्या बॉक्सभर होतं. मिक्सरची भांडी त्याच्याच बॉक्समध्ये, पाती सुटी असतील तर जाड कापडात. विळी आणि सुऱ्या पुठ्ठ्यात गुंडाळून वर ठळक लिहा.

तेल, तूप, लोणचं आणि चटणी यांच्या बरण्या टेम्पोत देऊ नका. झाकण काढून तोंडावर प्लास्टिकचा कागद घाला, वर झाकण घट्ट लावा, मग बरण्या बादलीत उभ्या ठेवून मध्ये टॉवेल कोंबा. ही बादली घरातल्या माणसाच्या पायाशी, गाडीत किंवा रिक्षात. एक फुटलेली बरणी दहा बॉक्स तेलकट करते, आणि कांदा-लसूण चटणीचा वास गादीला लागला की महिनाभर राहतो.

मोठ्या वस्तू

फ्रिज निदान २४ तास आधी बंद करून रिकामा करा. बर्फ पूर्ण विरघळू द्या, आत पुसून कोरडा करा. काचेचे कप्पे काढून वाकळीत गुंडाळा, दार टेपनं बंद करा. फ्रिज उभाच न्या. जिन्यात तिरका करावाच लागला तर ४५ अंशांपेक्षा जास्त नको, कारण कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत जातं. नव्या घरी गेल्यावर लगेच चालू न करता चार-पाच तास उभा ठेवा, प्रवासात आडवा झाला असेल तर रात्रभर. थांबण्याच्या काळात दार थोडं उघडं ठेवा, नाहीतर आत कुबट वास धरतो.

समोरून उघडणाऱ्या वॉशिंग मशीनला कंपनीकडून येताना मागच्या बाजूला ड्रम घट्ट धरणारे बोल्ट असतात. बसवणारा माणूस ते काढून देतो आणि आपण कुठंतरी ठेवतो. ते शोधा. त्यांच्याशिवाय मशीन हलवलं तर ड्रम आतल्या आत आदळतो, स्प्रिंगा आणि बेअरिंग खराब होतात. पुढं खालच्या कोपऱ्यातली जाळी उघडून आतलं पाणी बशीत काढा, नाहीतर ते पलंगाच्या फळीवर सांडतं. नव्या घरी पहिल्यांदा चालू करण्याआधी बोल्ट काढायचे, हे एका कागदावर लिहून मशीनवर चिकटवा.

इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी १५० एएचची असेल तर तिचं वजन ५० किलोंच्या वर भरतं, आणि आत ॲसिड असतं. आधी इन्व्हर्टर बंद करा, मुख्य वायर काढा, मग बॅटरीची निगेटिव्ह, शेवटी पॉझिटिव्ह. वायरींचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. टर्मिनलवर टेप गुंडाळा. दोघांनी धरून उभीच न्या, कपड्यांच्या आणि गाद्यांच्या जवळ नको.

लोखंडी कपाट पूर्ण रिकामं करा. भरलेलं कपाट उचललं की सांगाडा पिळतो आणि नंतर दार लागत नाही. दागिने आणि कागद आदल्या दिवशीच काढा. किल्ल्या कपाटाला बांधू नका. घरातल्या सगळ्या किल्ल्या एका पिशवीत, आणि ती पिशवी एकाच माणसाकडे.

पलंग सुटा करताना प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच आकडा खडूनं लिहा. नट-बोल्ट पिशवीत घालून त्याच पलंगाच्या फळीला आतून चिकटवा. हायड्रॉलिक पलंग असेल तर सावध राहा. गादी काढली की वरच्या फळीवरचा भार जातो आणि ती झटक्यात वर येते. फळी पूर्ण उघडून, एकानं धरून, मग दांडे काढा. भुशाच्या फळीचं फर्निचर एकदा सुटं केलं की स्क्रू ढिले बसतात. भोकात फेव्हिकॉल लावलेली काडेपेटीची काडी घालून, वाळवून, मग स्क्रू मारला की धरतो.

गाडी आणि हमाल

छोटा हत्तीचा हौदा साधारण सात बाय पाच फूट, पेलतो पाऊण टनाच्या आसपास. पिकअपचा आठ-नऊ फुटांचा, एक-दीड टन. ४०७ दहा फुटी, आयशर १४ फुटी आणि त्याहून मोठे. एका खोलीच्या संसाराला पिकअपची एक खेप, दोन खोल्यांना दोन खेपा किंवा १४ फुटी एक. सांगलीहून विश्रामबाग किंवा मिरजेला जायचं असेल तर लहान गाडीच्या दोन खेपा बऱ्या. पहिल्या खेपेचं सामान लागेपर्यंत दुसरी येते. साताऱ्याला जायचं तर एकाच मोठ्या गाडीत सगळं न्या, दोन खेपा परवडत नाहीत. खणभाग, गावभागातल्या अरुंद गल्ल्यांत मात्र मोठी गाडी दारापर्यंत जात नाही. तिथं सकाळी लवकर, दुकानं उघडायच्या आत, छोटा हत्ती लावा. मारुती रोड, हरभट रोड, गणपती पेठ या भागांतही हेच.

भाडं ठरवताना एवढ्या गोष्टी स्पष्ट बोला आणि व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: भरणं आणि उतरवणं दोन्ही धरलं आहे का, कितव्या मजल्यावरून कितव्या मजल्यावर, किती माणसं येणार, पलंग सुटा करणं कुणाचं काम, दोर आणि ताडपत्री गाडीवाल्याची आहे का, थांबण्याचे पैसे कधीपासून, आणि टोल कोण भरणार. सांगलीहून पेठ नाक्यावरून साताऱ्याला जाताना महामार्गावर तासवडेचा टोल लागतो. गाडी रिकामी परत येणार म्हणून परतीचं भाडंही बहुतेक धरलेलं असतं, तेही विचारा. लांबच्या प्रवासासाठी पॅकर्सवाले बोलवत असाल तर घरी येऊन सामान पाहून दिलेलाच आकडा धरा. फोनवर फार कमी सांगणारे माल गाडीत चढला की वाढवून मागतात, आणि तेव्हा तुमचं सामान त्यांच्या ताब्यात असतं. पूर्ण पैसे आधी देऊ नका.

भराईचा क्रम: हौद्याला आधी जुनी सतरंजी अंथरा. कपाट, फ्रिज, मशीन केबिनला टेकून उभे. बॅटरी खाली, कोपऱ्यात. गाद्या दोन्ही बाजूंना उभ्या, त्यांच्या मध्ये टीव्ही आणि आरसा. मग जड बॉक्स खाली, हलके वर. प्रत्येक थराला दोर बांधा, शेवटी एकदाच बांधून चालत नाही. सगळ्यात शेवटी पलंगाच्या फळ्या आणि पहिल्या रात्रीचा बॉक्स, म्हणजे नव्या घरी तेच आधी उतरतं. त्या बॉक्समध्ये चादरी, टॉवेल, औषधं, चार्जर, दोन बल्ब, पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, कात्री, साबण, झाडू. मोकळ्या हौद्याच्या गाडीवर ताडपत्री पाऊस नसला तरी हवीच, धुळीनंच गाद्या खराब होतात.

सामान हलवताना घरातली माणसं वाटून घ्या. एक जुन्या घरी, एक नव्या घरी दारात वही घेऊन. वहीतले आकडे एकेक करून खोडले की काय राहिलं ते तिथंच कळतं. लहान मुलं आणि म्हातारी माणसं त्या दिवशी नातेवाइकांकडे. देव, सोनंनाणं आणि कागदपत्रांची पिशवी टेम्पोत कधीच नाही.

गॅस, वीज आणि कागद

गॅस सिलिंडर बंद करा, रेग्युलेटर काढून वरची टोपी लावा, उभा न्या आणि इतर सामानात दाबू नका. त्याच एजन्सीच्या हद्दीत जाणार असाल तर फक्त पत्ता बदलतो. दुसऱ्या गावी जाणार असाल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जुन्या एजन्सीला परत करून अनामत आणि टर्मिनेशन व्हाउचर घ्या, ते नव्या गावच्या एजन्सीत दिलं की जोडणी मिळते. हे निघण्याच्या आठवडाभर आधी करा. जुन्या घरात शेवटचे दिवस इंडक्शनवर काढता येतात. शेगडीच्या रबरी नळीवरची तारीख पाहा, मुदत संपली असेल तर जुनी नळी नव्या घरी जोडू नका.

दोन्ही घरांच्या वीज मीटरचा आकड्यासह फोटो काढा. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक लिहून ठेवा. घर विकत घेतलं असेल तर आधीची थकबाकी, घरपट्टी आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या ताब्याआधी पाहा, आणि मग वीजबिलावर नाव बदला.

भाड्याचं घर असेल तर करार नोंदवलेलाच हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. पुढं आधारवरचा पत्ता, बँक आणि गॅस या सगळ्यांना हाच कागद उपयोगी पडतो. मतदार यादीत पत्ता बदलायला फॉर्म ८ आहे. रेशन कार्डासाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत जावं लागतं. गाडीच्या आरसीवरचा पत्ताही बदलायचा असतो. सांगलीहून साताऱ्याला गेलात तरी एमएच १० चा नंबर तोच राहतो.

गेल्यावर

टाकी आदल्या दिवशी धुऊन भरून ठेवा, आणि नळाला पाणी किती वाजता येतं ते शेजारी विचारा. कुलपाचा खटका बदलून घ्या, जुन्या किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत ते सांगता येत नाही. आधी पलंग जोडा, मग स्वयंपाकघर, मग बाथरूम. बाकी दिवाणखाना आठ दिवस तसाच राहिला तरी अडत नाही. कपाटाचं दार आपोआप उघडत असेल तर फरशी सपाट नाही, समोरच्या पायांखाली प्लायचे पातळ तुकडे घाला. मशीनच्या पाईपचे जोड दोन दिवसांनी हात लावून पाहा, बारीक गळती तेव्हाच कळते.

जुनं घर सोडताना माळा, जिन्याखालची जागा, दाराच्या वरचं कपाट, गच्चीवरच्या दोऱ्या आणि मीटरच्या पेटीशेजारचा खिळा पाहा. वस्तू राहतात त्या इथंच. तुळस वृंदावनातून काढून कुंडीत घ्या, सिमेंटचं वृंदावन जड असतं आणि चढवताना कोपऱ्याला तडा जातो. रिकाम्या खोल्यांचे फोटो काढा, घरमालकासमोर मीटरचा आकडा लिहा, किल्ली दिल्याची आणि अनामत घेतल्याची नोंद सहीनिशी घ्या. अनामतीचा हिशेब त्याच दिवशी दारात उभं राहून पुरा करा, नंतर फोनवर तो लांबत जातो. आणि जून लागायच्या आत न उघडलेले बॉक्स उघडून टाका किंवा माळ्यावर चढवा. पावसाळ्यात फरशीवर ठेवलेला पुठ्ठा खालून ओल धरतो आणि आतल्या कपड्यांना बुरशी येते.